उजव्या बाजूचं जहाज

जेवताना बोलू नये असं डॉक्टर सांगतात ते पचनासाठी. गहिनीनाथ भाऊसाहेबांनी एवढं एक पथ्य पाळलं असतं तरी पुढचं सगळं महाभारत टळलं असतं. पण ते बोलले. मेथीची भाजी, तव्यावरची गरम भाकरी, बुक्कीनं फोडलेला कांदा असं सगळं यथासांग चाललेलं असताना बोलले. आणि बोललेला शब्द मागं कसा घ्यायचा, हे शासनाच्या कुठल्याच परिपत्रकात दिलेलं नाही.

झालं असं, की त्यांची एकुलती एक लेक योगिता ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "पप्पा, माझं सिलेक्शन झालं. जहाजावरच्या ऑफिसरचं ट्रेनिंग. दिवाळीच्या आधी निघायचंय."

भाऊसाहेबांचा घास तोंडातच फिरायला लागला. माजलगावची पोरं पोलिसात जातात, मिल्ट्रीत जातात, पुण्याला कंपनीत जातात. शिरूर कासारकडची माणसं दसरा झाला की घरादारासकट ऊस तोडायला जातात. जाण्याचं आमच्याकडं कुणाला नवल नाही. पण जातात ती जमिनीवरनं जातात. पाण्यावरनं जाणारं माणूस आख्ख्या तालुक्याला ठाऊक नव्हतं. आणि गंमत म्हणजे परीक्षेच्या अर्जावर पालक म्हणून सही भाऊसाहेबांचीच होती. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत प्रत्येक कागद उलटासुलटा वाचून, त्यात एखादी तरी त्रुटी काढून मगच पुढं ढकलणारा हा वरिष्ठ लिपिक घरातला तेवढा एक कागद न वाचताच सही करून मोकळा झाला होता.

खरं सांगायचं तर भाऊसाहेबांना पोरगी जायलाच नको होती. तिनं संध्याकाळी दारातनं "पप्पा, दूध आणलं का?" म्हणून ओरडावं, एवढंच त्यांचं मागणं. पण जाऊ नको म्हणायचं कोणत्या तोंडानं? शाळेच्या कार्यक्रमात पाहुणे म्हणून गेले असताना त्यांनीच माइक धरून 'मुलींनी गगनाला गवसणी घालावी' असं ठणकावून सांगितलं होतं, आणि टाळ्या घेतल्या होत्या. आता 'मी गगन म्हणालो होतो, समुद्र नव्हे' अशी पळवाट काढणं चारचौघांत बरं दिसलं नसतं.

"जहाज म्हंजे काय खायचं काम हाय का?" ते म्हणाले. "आधी मी एक जहाज बांधून बघतो. ह्या हातांनी. पाण्यावर तरलं तर तू जा. बुडालं तर घरी बसायचं. मंजूर?"

विजयमालाताई, म्हणजे भाऊसाहेबांच्या सौभाग्यवती, भाकरी थापता थापता थांबल्या. "तुमी? तुमच्यानं लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडंना, अन् जहाज बांधायलेत."

"मंजूर," योगिता म्हणाली आणि तिनं शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला.

भाऊसाहेब मनातल्या मनात खूश झाले. माजलगावात जहाज बांधायचं म्हणजे लाकूड कुठलं, नकाशा कुठला, सुतार कुठला! यातच दिवाळी उलटून जाईल, ट्रेनिंगची तारीख निघून जाईल, पोरगी इथंच बँकेची परीक्षा देईल. रात्री त्यांना फार छान झोप लागली. पण पोरगी कुणाची? आठ दिवसांत कचेरीत त्यांच्या टेबलावर पुण्याहून एक लांबुळकं खोकं येऊन पडलं. लाकडी जहाजाचा संच. योगितानं मागवला होता.

खोक्यात हातभर लांबीचा एक लाकडी कणा होता, त्यावर बसवायच्या फासळ्या होत्या, बारीक लवचीक पट्ट्यांचा एक जुडगा होता, शिडाचं कापड होतं आणि चार परकीय भाषांतलं एक पुस्तक होतं. चारांपैकी मराठी एकही नव्हती. भाऊसाहेबांनी त्याच रविवारी कण्याच्या खाचांत फासळ्या बसवून पाहिल्या, तर त्या खटाखट बसल्या. दुपारच्या चहापर्यंत जहाजाचा सांगाडा टेबलावर उभा! भाऊसाहेबांना घाम फुटला. "हे तर लई लवकर व्हायलंय," ते पुटपुटले.

पण देव पाठीशी असला की असा उभा राहतो. पुढचं पान उलटलं आणि भाऊसाहेबांच्या जिवात जीव आला. पुढचं काम होतं सांगाड्यावर पट्ट्या बसवायचं, आणि त्याच्या आधी, पुस्तकातल्या चित्रांत स्पष्ट दाखवलं होतं, नियोजन करायचं होतं.

नियोजन! हा शब्द उच्चारताना भाऊसाहेबांचा चेहरा अगदी उजळून निघायचा. जहाजाला मधोमध पोट असतं. पोटाचा घेर मोठा, नाकाचा लहान. पोटावर जितक्या पट्ट्या शेजारी शेजारी बसतात तितक्या नाकापाशी मावत नाहीत. मग एकीवर एक चढायला लागतात. म्हणून प्रत्येक पट्टी पुढं निमुळती करायची. किती निमुळती, हे ठरवायला प्रत्येक फासळीवर कागदाची फीत गुंडाळायची, फितीचे सारखे भाग पाडायचे, त्या खुणा फासळीवर उतरवायच्या. मागच्या टोकाला सगळं उलटं. तिथं पट्ट्या पुरत नाहीत, फट पडते, तिथं मधे पाचर भरायची. म्हणजे मोजमाप, फेरमोजमाप, तपासणी आणि फेरतपासणी. मनावर घेतलं तर हे काम सेवानिवृत्तीपर्यंत पुरलं असतं.

जुन्या कॅलेंडरांच्या पाठी भरल्या. भिंतीवर, देव्हाऱ्याच्या बाजूला, जहाजाच्या दोन्ही कुशींचे नकाशे लागले. विजयमालाताईंची एकादशी कुठल्या तारखेला आहे हे कळायला कॅलेंडर उलटं करून बघावं लागायला लागलं. आणि भाऊसाहेबांना तर त्या कामाची अशी गोडी लागली की विचारू नका. दुपारी कचेरीतनं जेवायला आले की ते पंख्याखाली बसत, एक पट्टी हातात घेत, तिला हळूहळू वाकवत, आणि डोळे अर्धे मिटत. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. पण धरण पाहिलं होतं. धरणाचा पल्याडचा काठ मनातनं पुसून टाकला की समुद्र होतो, असा त्यांनी शोध लावला होता. तो काठ ते पुसत. मग पट्टीची ती वाकलेली कड पाण्यावर चालायला लागे, आणि कुठंतरी लांब, जिथं टँकरची वाट बघावी लागत नाही अशा निळ्या मुलखात, ती अलगद निघून जाई. डोळे उघडत तेव्हा आमटी गार झालेली असे.

एकदा त्यांना शंका आली, की ह्या फिती गोल पोटावर खरोखर सारख्या बसतात का? शंका आल्यावर खातरजमा करणं हा कारकुनाचा धर्म. घरात गोल पोट एकच होतं. शेजारचे शहादेव अप्पा दारात आले तेव्हा भाऊसाहेब सतरंजीवर उताणे पडलेले, बनियन वर सरकलेलं, पोटावर कागदाच्या फिती, आणि विजयमालाताई तोंडाला पदर लावून पेन्सिलीनं खुणा करायलेल्या.

"काय झालं हो?" अप्पा ओरडले. "पट्ट्या कावून बांधल्यात पोटाला? पडलातबिडलात का?"

"जहाजाचं माप घ्यायलोय," भाऊसाहेब पडल्या पडल्या, शक्य तितक्या प्रतिष्ठेनं म्हणाले.

शहादेव अप्पा म्हणजे यष्टीचे निवृत्त ड्रायव्हर. बीड, परळी, गेवराई सगळीकडं त्यांनी गाडी नेलेली, आणि जी वस्तू एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते ती गाडी, असं त्यांचं साधं शास्त्र होतं. त्या दिवसापासून ते रोज यायला लागले. सांगाड्याभोवती फिरायचे, वाकून खालून बघायचे, नाकाला बोनट म्हणायचे. "स्टेरिंग मागं कावून हाय हिचं?" असं त्यांनी सुकाणूला उद्देशून विचारलं, आणि उत्तर ऐकून घ्यायच्या आधीच, "आसू द्या, आसंल. बाहेरगावची गाडी हाय," असं म्हणून सोडून दिलं.

शेवटी पितृपक्ष आडवा यायच्या आधी पहिली पट्टी लावायचा दिवस ठरला. विजयमालाताईंनी सांगाड्याला हळदकुंकू वाहिलं. योगितानं पुस्तकातलं चित्र दाखवलं.

"पप्पा, एक पट्टी उजवीकडं, मग एक डावीकडं, असं आलटून पालटून लावायचं असतं. न्हाईतर कणा वाकतो."

तिघंही तिच्याकडं बघायला लागले. आमच्याकडं शुभकाम उजवीकडनं सुरू होतं. उजवा हात, उजवा पाय, उजवी सोंड. डाव्या हातानं आम्ही प्रसादही घेत नाही.

"एक उजवी, एक डावी?" विजयमालाताई म्हणाल्या. "आगं, नवी सून उंबऱ्यातनं आत येती ती दोन्ही पायांनी उडी मारून येती का? आधी उजवं. उजवं सगळं पुरं हुंद्या. मग डावं."

"बराबर हाय वहिनी," अप्पा म्हणाले. "आमी नवी गाडी डेपोतनं भायेर काढताना आधी उजव्या चाकाखाली लिंबू ठिवायचो. डाव्या चाकाखाली ठिवून बघा बरं. घाटात कळंल."

भाऊसाहेबांना पुस्तक पटत होतं. खोटं कशाला बोला, त्यांना ते नीट पटत होतं. पण एक बाजू पुरी करून मग दुसरी घेतली, की मधे पुन्हा एक पाहणी, पुन्हा मोजमाप आलं. त्यात दिवस जातात. "वडीलधाऱ्यांचं ऐकावं," ते गंभीरपणे म्हणाले, आणि उजवी बाजू सुरू झाली.

पट्टी वाकवायची तर आधी भिजवावी लागते. घरात रांजण एकच, आणि नळाला पाणी येतं ते मनात आलं तर. पट्ट्या रांजणात सोडल्या, आणि आठवडाभर घरातल्या चहाला सुतारकामाचा वास आला. वाकवलेली पट्टी वाळेपर्यंत जागेवर धरून ठेवायला चिमटे लागतात. भाऊसाहेबांनी दोरीवरचे कपड्यांचे चिमटे घेतले. ते पुरले नाहीत, तेव्हा अप्पांचे घेतले, समोरच्या रतनबाईंचे घेतले. त्याच दिवशी दुपारी वारं सुटलं आणि आख्ख्या गल्लीचे कपडे उडाले. रतनबाई आपल्या नवऱ्याचं धोतर शोधत दारात आल्या, आणि त्यांनी आपले चिमटे जहाजाच्या कुशीवर ओळीनं बसलेले पाहिले. त्या पदर खोचून बघत राहिल्या. जाताना म्हणाल्या, "पोरगी जाणार म्हणून बापाच्या डोस्क्यावर परिणाम झालाय जणू." हे गल्लीत सर्वांना मान्य झालं. भाऊसाहेबांना मात्र ते फार लागलं, आणि दोन दिवस ते रतनबाईंच्या दारावरनं मान ताठ करून गेले.

नवरात्र बसलं, सरत आलं. उजव्या बाजूच्या शेवटच्या पट्ट्या रांजणात भिजत पडल्या होत्या, भाऊसाहेब सकाळी अंघोळ करून हात पुसत टेबलाशी आले, तर पटाशी नाही, चाकू नाही, हातोडी नाही, चिमटा एक नाही. सगळी हत्यारं देव्हाऱ्यापुढं पाटावर मांडलेली, त्यांच्यावर झेंडूची फुलं, हळदकुंकू. खंडेनवमी होती!

"आज हत्याराला हात लावायचा न्हाई," विजयमालाताई म्हणाल्या.

"आगं पण पट्ट्या भिजून मऊ झाल्यात! आज न्हाई बसवल्या तर उद्या कुजतील. चिमटे तरी दे."

"चिमटेबी हत्यारच झाले की आता. तुमीच केलं त्यांना."

आता काय करता? लोखंड चालत नाही, चिमटा चालत नाही, पण हात चालतात. हाताची पूजा कुणी केली नव्हती. भाऊसाहेबांनी पट्टी सांगाड्यावर वाकवली आणि मागचं टोक दाबून धरलं. नाकाचं टोक उसळायला लागलं तेव्हा योगिता आली, समोर बसली आणि तिनं ते दाबून धरलं. डिंक वाळेपर्यंत सोडायचं नव्हतं. बापलेक जहाजाच्या दोन टोकांना बसले, आणि मधे ते जहाज.

बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर धुऊन त्याला हार घालायलं होतं. पंखा फिरत होता.

"तिकडं प्यायचं पाणी कसं करतेत गं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"खारं पाणी गोडं करायचं मशीन असतं, पप्पा."

"एवढं पाणी चहूकडं, अन् ते प्यायला चालत न्हाई." भाऊसाहेबांना ह्याचं फार वाईट वाटलं. "आपल्याकडं निदान न्हाई ते न्हाई."

योगिता हसली. मग म्हणाली, "पप्पा, तुमाला भ्या वाटायलंय ना?"

"मला कशाचं भ्या? मी सरकारी माणूस."

"मला वाटायलंय," ती म्हणाली. "लई."

भाऊसाहेबांनी चमकून वर पाहिलं. ही पोरगी घाबरते, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आता म्हणावं का, मग नको जाऊ? शब्द अगदी जिभेवर आला होता. घाबरलेल्या माणसाला थांब म्हणणं किती सोपं असतं! पण तिची बोटं पट्टीवर पांढरी पडेपर्यंत दाबलेली होती, आणि ती जराही हलत नव्हती. "नाकापाशी जरा खाली दाब," एवढंच ते म्हणाले. ऊन भिंतीवरच्या नकाशांवर चढलं, जहाजाच्या कुशीतल्या पट्ट्या एकामागोमाग एक नाकाकडं निमुळत्या होत निघालेल्या दिसल्या, आणि त्या अर्धवट झोपेत भाऊसाहेबांना वाटलं, हे टेबल नाहीच, हे पाणीच आहे, आणि आपण दोघं त्यावरनं कुठंतरी चाललोय. काहीही न बोलता, असंच. त्यांना फार फार बरं वाटलं.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर त्यांनी जहाज उचलून नाकाच्या बाजूनं एक डोळा मिटून पाहिलं, आणि ते मटकन खाली बसले. कणा वाकला होता. उजव्या कुशीच्या सगळ्या पट्ट्यांनी वाळता वाळता सांगाडा आपल्याकडं ओढून घेतला होता. एखाद्या माणसाची मान अवघडावी तसं ते जहाज कायमचं उजवीकडं बघत होतं.

मग सल्ल्यांना ऊत आला. अप्पांनी चेसिस बेंड झाल्याचं निदान केलं आणि वर वजन ठेवायला सांगितलं. पिठाचा डबा ठेवला, पाटा ठेवला, शेवटी अप्पा स्वतः बसायला निघाले तेव्हा विजयमालाताईंनी त्यांना चहा दिला. रतनबाईंनी एरंडेलानं चोळायला सांगितलं. चोळलं. जहाजाची कांती सुधारली, मान होती तिथंच राहिली. योगिता मात्र 'मी म्हणलं नव्हतं का' असं एकदाही बोलली नाही, आणि त्यामुळं सगळ्यांनाच जास्त अपराधी वाटलं. भाऊसाहेबांनी डावी बाजू लावायला घेतली. तिथं नियोजनाच्या सगळ्या खुणा चुकायला लागल्या, कारण वाकड्या जहाजाची डावी कूस उजवीपेक्षा लांब झाली होती. पट्ट्या पुरेनात. पाचरींवर पाचरी भरल्या, भुसा आणि डिंक कालवून फटी बुजवल्या, वर रंगारी भरतात ती लांबी भरली, रंग दिला, शीड चढवलं.

सगळ्या फटी बुजवल्या, एक सोडून. तळाशी, मागच्या टोकाला, दोन पट्ट्यांच्या मधे नखाएवढी फट होती. ती भाऊसाहेबांना दिसत नव्हती असं नव्हे. रोज दिसत होती. रोज ते तिच्यावरनं बोट फिरवायचे आणि म्हणायचे, उद्या बघू. ती फट राहिली तर जहाज बुडणार, आणि जहाज बुडालं तर पोरगी घरी राहणार. इतकं ते सरळ होतं. भाऊसाहेब जन्मात कुणाचा कागद दाबून बसले नव्हते, पण ती फट त्यांनी दाबून ठेवली होती.

आता पाण्यात सोडायचं कुठं? धरणावर. आणि धरणाच्या काठावर मोठा फलक होता: 'जलाशयात होडी, तराफा अथवा तत्सम साधन विनापरवानगी उतरविण्यास सक्त मनाई आहे.' हा मसुदा कचेरीत भाऊसाहेबांनीच केला होता. 'तत्सम' हा शब्द खास त्यांचा. त्यावर साहेब खूश झाले होते. आता आपणच घातलेला तत्सम आपण कसा मोडणार? त्यांनी रीतसर अर्ज लिहिला आणि आवक टेबलावर दिला. अर्ज फिरत फिरत त्यांच्याच टेबलावर आला. भाऊसाहेबांनी तो तटस्थपणे वाचला, आणि त्रुटी काढली: 'साधनाची आसनक्षमता नमूद नाही.' मग जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन पूर्तता केली: 'आसनक्षमता निरंक.' शेवटी साहेबांनीच तो कागद ओढून घेतला आणि सही ठोकली. "भाऊसाहेब, सोडा ते जहाज," ते म्हणाले, "आणि कामाला लागा."

रविवारी सकाळी सगळे धरणावर गेले. पाणी काठोकाठ होतं, आणि हलकं धुकं असल्यामुळं पल्याडचा काठ खरोखरच दिसत नव्हता. भाऊसाहेबांना ते बघून एकदम कसंतरी झालं. चौकीदार अंगदनं परवानगीचा कागद उलटा धरून वाचला आणि सलाम केला. अप्पांनी काठावर लिंबू ठेवलं. विजयमालाताईंनी पिशवीतनं खण काढला, नारळ काढला, तांदूळ काढले, कणकेचा तूप घातलेला दिवा काढला.

"हे काय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"ओटी भरायलेय. पाण्याची." त्या खाली बसल्या, त्यांनी दिवा पेटवला, पाण्याला हळदकुंकू लावलं. ओंजळीनं तांदूळ सोडले. मग हात जोडून, अगदी शेजारणीशी बोलावं तशा त्या पाण्याशी बोलल्या. "माझी पोरगी तुझ्याकडं यायलीय बाई. एकलीच हाय. संभाळ."

म्हणजे हिनं धरूनच ठेवलंय, पोरगी जाणार! जहाज भाऊसाहेबांच्या दोन्ही हातांत होतं. त्यांनी ते उलटं केलं. ती फट तिथंच होती, नखाएवढी, काळी. त्यांना वाटलं, सोडून द्यावं असंच. कुणाला कळणार आहे? वाकडं जहाज बुडालं तर लोक वाकडेपणालाच बोल लावतील. मग योगिताची बोटं आठवली. त्यांनी खाली वाकून कणकेचा दिवा फुंकला, त्याची तुपात भिजलेली कणीक चिमटीत घेतली, आणि फटीत भरली. अंगठ्यानं दाबली, बाहेरनं लिंपली, पुन्हा दाबली. विजयमालाताईंनी पाहिलं. दिवा विझवला म्हणून एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आज उरलेली कणीक त्यांनी भाऊसाहेबांच्या हातावर ठेवली.

भाऊसाहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरले आणि जहाज सोडलं.

जहाज उजवीकडं इतकं कललं, की सगळ्यांच्या तोंडून एकदम "अगाई!" निघालं. मग ते थांबलं. कललेलंच थांबलं. शिडात वारं शिरलं आणि ते चालायला लागलं, सरळ नव्हे, उजवीकडं वळत वळत, मोठा गोल फेरा घेत. धुक्यातनं ते पार पलीकडं गेलं, दिसेनासं झालं, आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा उगवलं.

"ह्याला तरलं म्हणायचं का?" अंगदनं हळूच विचारलं.

"वांदा हाय," अप्पा म्हणाले. "बुडालं न्हाई हे खरं. पण एक अंग पाण्याखाली हाय. आन् गाडी नुसती गोल फिरायली. आमच्या डेपोत असल्या गाडीला पास करत नव्हते. भाऊसाहेब, त्रुटी हाय बघा हिच्यात. तुमी म्हणाल तसं."

सगळे भाऊसाहेबांकडं बघायला लागले. योगिताही. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. भाऊसाहेबांना आयुष्यात एवढी मोठी, एवढी धडधडीत, एवढी सोयीची त्रुटी कधी मिळाली नव्हती. नुसतं तोंड उघडायचं होतं. ते गुडघाभर पाण्यात उभे होते आणि ते वेडंवाकडं जहाज त्यांच्या समोरनं अगदी ऐटीत चाललं होतं, पट्टी पट्टी धरून बांधलेलं, त्यांचं आणि तिचं.

"तरलं," भाऊसाहेब म्हणाले. आवाज फुटला म्हणून त्यांनी खाकरून पुन्हा एकदा, मोठ्यानं म्हटलं, "तरलं! काय बघायलात? जहाज तरलेलं हाय!"

योगिता चपलांसकट पाण्यात आली आणि तिनं बापाला घट्ट मिठी मारली. भाऊसाहेबांचे हात कणकेनं आणि तुपानं माखलेले होते, ते त्यांनी तिच्या ओढणीला लागू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना पसरून धरले, आणि ते रडायला लागले.

"जा आता लवकर," ते म्हणाले. "घरी जाऊन बॅग भर. न्हाईतर मी पुन्हा मोजमाप काढायला घेईन."